मदत हवी आहे : तो निकाल कुठे मिळेल? सोमवारच्या आत हवा

ऋजुता_प :
सोमवारी कॉलेजात प्रेझेंटेशन आहे आणि मी पूर्ण अडकले आहे. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीनंतर चौघांना फाशी झाली, तो निकाल हवाय. बातम्या नकोत, खूप वाचल्या. जो स्वतः त्यांच्यात होता, त्याच्या शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवलाच कसा?

मुलुंडकर :
कुठली केस? मुंबईचा खुनी रामन राघव तर एकटाच होता.

ऋजुता_प :
पुण्याची हो! अभिनव कला महाविद्यालयाची मुलं.

वाड्यातले_काका :
जोशी-अभ्यंकर हत्याकांड असं सरळ लिही ना बाळा. मी तेव्हा अकरावीत होतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, १० खून. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि घरातली आणखी चार माणसं गेली. त्यानंतर आमच्या वाड्याचा दरवाजा दिवेलागणीलाच बंद व्हायचा. ओळखीचा आवाज आल्याशिवाय आई कडी काढायची नाही. आणि पकडली गेली कोण, तर टिळक रस्त्यावर रोज दिसणारी कॉलेजची पोरं!

अ‍ॅड_सातारा :
कुठल्या कोर्टाचा निकाल? सेशन्सचा सप्टेंबर १९७८चा, हायकोर्टाने एप्रिल १९७९मध्ये फाशी कायम केली, नोव्हेंबर १९८०मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळलं. सेशन्सची नक्कल सोमवारपर्यंत मिळणार नाही.

कोल्हापूरची_मी :
आमच्याकडच्या, लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींची फाशी २०२२मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली, दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून. त्यावर कोणी बोलत नाही.

मुलुंडकर :
ताई, तो वेगळा धागा होईल. मला विचाराल तर साक्षीदार झालेल्या त्या पाचव्याला माफी द्यायलाच नको होती. सगळं बघून गप्प बसला होता.

अ‍ॅड_सातारा :
माफी फुकट नसते. सगळं खरं सांगायचं, या अटीवर मिळते. अट मोडली तर त्याच्यावरही खटला चालतो.
ऋजुता, जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३३ म्हणतं, साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला, तरी तेवढ्यावरून शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४चं इलस्ट्रेशन बी, म्हणजे त्यातलं उदाहरण, म्हणतं, महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा मिळाल्याशिवाय तो विश्वासार्ह नाही, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. कोर्टं दोन्ही एकत्र वाचतात. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३८मध्ये दुजोऱ्याची अटच घातली आहे. हा फरक सांगच.

वाड्यातले_काका :
शेवटच्या खुनातला मृतदेह शिडीला बांधून मुळा-मुठेत टाकला होता, तो वर आला. नायलॉनच्या दोरीच्या गाठी आधीच्या खुनांसारख्याच आहेत, हे पोलीस अधिकारी हुल्याळकरांच्या पथकाने हेरलं. २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी दिली.

ऋजुता_प :
काका, गाठींचं लिहून घेतलं. वकीलसाहेब, हायकोर्टाचाच हवा. पण शोधते तर काहीच येत नाही.

अ‍ॅड_सातारा :
काय टाकून शोधतेस?

ऋजुता_प :
जोशी-अभ्यंकर.

अ‍ॅड_सातारा :
ती नावं मारल्या गेलेल्यांची. अपील आरोपीच्या नावाने नोंदलेलं असतं. जक्कल, सुतार, जगताप, शाह अशी एकेक टाकून बघ.