मदत हवी आहे: ग्रँटमधला इनडायरेक्ट खर्च, १५ टक्के नेमके कशावर?

नमस्कार मंडळी,

मी बी.कॉम. सांगलीत एका सीएंकडे सहा वर्षं काम केलंय, टॅली डोळे मिटून चालवायचे. आता न्यू जर्सीत एका छोट्या ना-नफा संस्थेत हिशेब बघते. शाळा सुटल्यावरचे मुलांचे वर्ग आणि ज्येष्ठांना दुपारचं जेवण, ही आमची दोन कामं. पैसा मूळचा फेडरल सरकारचा, पण आमच्यापर्यंत येतो राज्याच्या खात्यामार्फत. आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि ग्रँटचं घोंगडं माझ्या गळ्यात पडलं.

शिक्षिकेचा पगार, वह्या-रंग हे डायरेक्ट, इतपत कळतं. पण संचालकबाईंचा पगार, माझा पगार, इंटरनेट, झेरॉक्सचं मशीन हे कुठल्याच एका कामाचं नाही आणि त्यावाचून एकही काम चालत नाही. अशा इनडायरेक्ट खर्चासाठी सरसकट दराची सोय आहे, डि मिनिमिस म्हणतात. पूर्वी १० टक्के होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ पर्यंत घेता येतो. संचालकबाई म्हणाल्या, "सरळ पंधरा टक्के लाव." लावले. बजेट परत आलं.

आकडे डॉलरमध्ये देते. पगार आणि भत्ते १,४०,०००, सामान १२,०००, प्रवास ३,०००, वर्गांच्या हॉलचं भाडं २४,०००, जेवण बनवून देणाऱ्या संस्थेला सबअवॉर्ड (आमच्या ग्रँटमधून पुढे दिलेला हिस्सा) ८०,०००, व्हॅन ३८,०००. बेरीज २,९७,०००. त्याचे १५ टक्के ४४,५५०. शेरा आला, "बेस एमटीडीसी नाही." बेस म्हणजे ज्या रकमेवर टक्के लावायचे ती, इतकं कळलं. आता एमटीडीसी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचं रिसॉर्ट येतं, त्यामुळे अर्धा दिवस तसाच गेला.

दुसरं म्हणजे झेरॉक्सच्या बिलाचे ३७ टक्के दर महिन्याला वर्गांच्या ग्रँटला डायरेक्ट पडतात. जुन्या एक्सेलमध्ये पिवळ्या चौकटीत नुसतं ३७ लिहिलंय. ते कुठून आले, ऑफिसात एकालाही सांगता येत नाही. ते तसंच चालू ठेवून वर १५ टक्के घेतले तर चालतं का?

तिसरं, स्वतःचा दर मंजूर करून घ्यावा का? आणि बातम्यांत १५ टक्क्यांवरून जो गदारोळ चालला होता, तो आम्हाला लागू आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी एका विद्यापीठात ग्रँट ऑफिसात आहे. तुमच्या एमटीडीसीचा अर्थ मॉडिफाइड टोटल डायरेक्ट कॉस्ट. डायरेक्ट खर्चातून काही रकमा वगळायच्या आणि उरेल त्यावर टक्के लावायचे. १०,००० डॉलर किंवा त्याहून महाग आणि वर्षापेक्षा जास्त टिकणारी वस्तू बाद, म्हणजे व्हॅन गेली. भाडं बाद. सबअवॉर्डचे फक्त पहिले ५०,००० धरायचे. उरले २,०५,०००, त्याचे १५ टक्के ३०,७५०. आणि ते ५०,००० त्या सबअवॉर्डच्या पूर्ण मुदतीत मिळून एकदाच, दरवर्षी नव्याने नाही. इथे भलेभले आपटतात.

जुनी ग्रँट चालू असेल तर तिच्या अवॉर्ड लेटरवरची तारीख बघा. ऑक्टोबर २०२४ च्या आधीची असेल आणि नंतर दुरुस्ती झाली नसेल तर तिथे १० टक्केच.

प्रतिसाद २

गणित बरोबर आहे, पण ते जेवणवाले खरंच सबअवॉर्ड आहेत का? कुणाला जेवण द्यायचं ते ठरवतात का? कार्यक्रमाची जबाबदारी घेतात का? की ताटामागे बिल लावतात आणि तसंच जेवण बाकीच्यांनाही विकतात? तसं असेल तर ते कंत्राटदार, आणि कंत्राटी सेवेची पूर्ण रक्कम बेसमध्ये येते. कागदाला नाव काय दिलंय याला महत्त्व नाही, व्यवहार कसा आहे ते बघतात.

झेरॉक्सचं मात्र तुम्ही ओळखलंय तेच. एकच बिल डायरेक्टमध्येही आणि १५ टक्क्यांतही, म्हणजे एकाच लग्नाचा आहेर दोनदा घेतल्यासारखं. एक बाजू निवडा आणि सगळ्या ग्रँटना तीच लावा. मशीनमध्ये प्रत्येक कामाचा कोड टाकून प्रती मोजल्या तर डायरेक्ट टाकता येईल. पिवळ्या चौकटीच्या जोरावर नाही. संचालकबाईंच्या पगाराचंही तसंच. वर्गांवर खरोखर गेलेले तास नोंदीत असतील तर तेवढे डायरेक्ट, बाकीचे इनडायरेक्ट.

प्रतिसाद ३

स्वतःच्या दराबद्दल. आधी घरच्या घरी काढून बघा. गेल्या वर्षीचा सगळा इनडायरेक्ट खर्च वर, बेस खाली. निधी गोळा करणाऱ्या माणसाचा पगार वरच्या आकड्यात धरता येत नाही, खालच्यात मात्र धरावाच लागतो. आमच्या संस्थेत एवढ्यानेच दर दोन टक्क्यांनी उतरला. उत्तर १६-१७ आलं तर त्या भानगडीत पडू नका. दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत नवा प्रस्ताव द्यावा लागतो, आणि मंजूर दर चालू असताना डि मिनिमिस वापरता येत नाही. पंचवीसच्या वर गेलं तर विचार करा. डि मिनिमिसला दर सिद्ध करणारे कागद मागत नाहीत, हे सुख लहान नाही.

गदारोळ होता तो एनआयएचचा, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या फेडरल संस्थेचा. ७ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी संशोधन संस्थांचे मंजूर दर १५ वर आणायचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथे पन्नास-साठ टक्केवाले होते, त्यांना १५ म्हणजे कुऱ्हाड. तुमच्याकडे १५ म्हणजे १० वरून बढती.

धागाकर्ती

खूप आभार! करार काढून वाचला. ताटामागे दर आहे, बिल महिन्याला येतं, आणि तेच लोक पलीकडच्या चर्चलाही जेवण देतात. म्हणजे कंत्राटदारच. बेस २,३५,०००, इनडायरेक्ट ३५,२५०. राज्याच्या खात्याला कराराची प्रत जोडून मेल टाकलाय.

झेरॉक्सवाल्याला फोन केला. मशीनमध्ये कोडची सोय पहिल्यापासून आहे म्हणे, कुणी चालूच केली नव्हती. उद्या तो येतोय. तोवर ३७ टक्के बंद.