सहा मैत्रिणी, तीन रात्री, समुद्र आणि भरपूर झोप: कोल्हापूरहून कुठे जावं?

कळंबाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जणी, १९९५ च्या दहावीच्या बॅचच्या, सगळ्या कोल्हापुरातच स्थायिक. लग्नं, बारशी, दवाखाने, सगळीकडे एकमेकींच्या सोबत होतो, पण नुसती सुट्टी म्हणून एका छताखाली कधी राहिलो नाही. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीचं मोठं ऑपरेशन झालं. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्री बसलो होतो तेव्हाच ठरलं, ही उठून हिंडायला लागली की हिला घेऊन समुद्रावर जायचं. आता ती हिंडायला लागलीय आणि डॉक्टरांनीही प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलंय.

जानेवारीत जायचंय, संक्रांत झाल्यावर आणि २६ जानेवारीची गर्दी सुरू व्हायच्या आत. तीन रात्री. समुद्र दिसला नाही तरी चालेल, पण अंथरुणात पडल्यावर गाज ऐकू आली पाहिजे. जेवण आयतं आणि घरचं हवं. किल्ले-देवळं बघत पळायचं नाहीये.

अडचणी दोन. एकीला गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत. दुसरी जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा काही चालत नाही आणि ती सूर्यास्ताच्या आत जेवते. बाकी चौघी माशांसाठी जीव टाकणाऱ्या. हे एका घरात जमेल का? गाडी माझी सात सीटर आहे, चालवणाऱ्या आम्ही दोघी, पण घाटाचा सराव कमी. घरात यजमान म्हणतात गोवा, बहीण म्हणते तारकर्ली. मला काहीच ठरवता येईना, म्हणून इथं विचारतेय.

शिवाजीपेठकर

ताई, गोव्याला जायचंच असेल तर उत्तरेकडच्या गर्दीत न जाता खाली अगोंद्यापर्यंत जा, तो किनारा शांत आहे. पण तिथं जेवण हॉटेलात, आणि तुमच्या जैन मैत्रिणीसाठी रोज नव्यानं समजावून सांगावं लागेल. घरचं जेवण ही अट पक्की असेल तर सिंधुदुर्गातच थांबा.

देवबागचो

मी देवबागचा, त्यामुळे आधी गावाचं सांगतो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची घरं. कुठल्याही घरात उतरलात तरी गाज कानावर येणार. तारकर्ली आणि देवबाग लागूनच आहेत, सोयी भरपूर, जेवण उत्तम. पण संगमावर, त्सुनामी आयलंडकडे, दिवसभर बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स सुरू असतात. तरुण पोरांचा ग्रुप असता तर मीच आग्रहानं बोलावलं असतं. तुमका झोप होयी असा, म्हणून आमच्या पलीकडचं भोगवे सुचवतो. नदीच्या त्या तीरावर लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि मागं माडाच्या बागा. वर्दळ आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. थोडं खाली निवती, तेही छान.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं पाण्यात उतरू नका, कितीही उथळ दिसलं तरी. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर ओढ घेतं आणि पायाखालची वाळू सरकते. डुंबायचं असेल तर संगमापासून लांब, गावातली माणसं उतरतात तिथंच उतरा, आणि कमरेपुढे जाऊ नका.

राजारामपुरी_सातवी

आमची चूक सांगते, तुमची तरी वाचेल. गेल्या वर्षी आम्ही आठ जणी चार दिवस गेलो होतो. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर करून विजयदुर्ग, तिसऱ्या दिवशी रेडीचा गणपती आणि येताना सावंतवाडीची लाकडी खेळणी. एकही जागा वाईट नव्हती, पण रोज पाच-सहा तास गाडीत गेले. घरी आल्यावर दोघी आजारी पडल्या. शिवाय ऑनलाइन बुक केलेलं 'समुद्रकाठचं' घर निघालं समुद्रापासून तीन किलोमीटरवर. मालकांशी वाद घालण्यात पहिली संध्याकाळ गेली.

म्हणून सांगते, एकच घर घ्या आणि तिन्ही रात्री तिथंच राहा. बुक करायच्या आधी घरातल्या बाईंशी फोनवर बोला. पुळणीपर्यंत चालत किती मिनिटं लागतात, वाट सपाट आहे की पायऱ्या, खोल्या तळमजल्यावर आहेत का, संडास कमोडचा आहे का, हे सगळं विचारा. गुडघेदुखीला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

परुळ्याची_माहेरवाशीण

कळंबाकाठ ताई, तुमचं बाकड्यावरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं माहेर परुळे, भोगव्याच्या अलीकडचं गाव. सासर कोल्हापूर, बावीस वर्षं झाली. दोन्हीकडची चव माहीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जैन मैत्रिणीचं. आमच्याकडे फोनवर 'जैन जेवण' म्हणालात तर काही घरांत गडबड होईल. त्याऐवजी 'नैवेद्याचं जेवण' म्हणा. गणपतीत, सणावारी कांदा-लसूण न घालता पूर्ण स्वयंपाक करणं आमच्या प्रत्येक बाईला येतं. तेवढं म्हटलं की पुढचं समजावावं लागत नाही. फक्त बटाटा, सुरण, आलं, गाजर हे कंद नकोत हे वेगळं सांगा, आणि तवा, कढई मासळीची नको हेही स्पष्ट बोला. आमच्याकडे बऱ्याच घरांत सोमवारी मासळी शिजत नाही. तुमचा एक दिवस सोमवार धरलात तर त्या दिवशी सगळ्याच एका पंगतीला बसाल. केळफुलाची भाजी, वालीच्या शेंगा, मुगागाठी, घावने आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. सोलकढी तिच्यापुरती लसूण न घालता काढायला सांगा, नुसतं नारळाचं दूध, आमसूल, मीठ, मिरची. मला तर तीच जास्त आवडते.

आणि शिरवाळे नक्की सांगा. पण आदल्या दिवशी सांगा, कारण ते दोन माणसांचं काम आहे. तांदळाच्या पिठाचे उंडे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. एकीनं साचा धरायचा, दुसरीनं सगळं वजन टाकायचं. खाली पांढऱ्याशुभ्र शेवया उतरतात आणि त्या गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. यात तिला न चालणारं काहीच नाही.

आता मासे. आपण कोल्हापूरची माणसं ताटात सुरमई-पापलेट शोधतो. ती खाच, पण रोज सकाळी 'आज काय ताजं आलंय' एवढंच विचारा आणि जे येईल ते करायला सांगा. बांगडा असेल तर तिरफळ घातलेलं तिखलं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या असतील तर सुकं. कुर्ल्या म्हणजे खेकडे मागवणार असाल तर आमच्याकडे म्हणतात की काळोखाच्या दिवसांत, अमावास्येच्या आसपास, त्या भरलेल्या असतात. वडे-कोंबडी एका रात्री पुरे. रस्सा आपल्या तांबड्यासारखा झणझणीत नसतो, भाजलेल्या खोबऱ्याचा दाट असतो. वड्यासोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं तर तेही मागून घ्या.

गुडघ्याचंही सुचवते. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघा भरून येतो. ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूत चालणं सोपं जातं. ओहोटी कधी हे कॅलेंडरवरून काढता येतं, माझ्या वडिलांची रीत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी आत गेलेलं असेल. सूर्य बुडेपर्यंत लांब चालता येईल. तारखा हातात असतील तर तेवढं बघा.

घाटवाट

रस्त्याचं मी सांगतो, वर्षभर माल घेऊन तळकोकणात जातो. परिते, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मग महामार्गानं कुडाळ आणि कुडाळहून परुळेमार्गे भोगवे. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास धरा. थांबत गेलात तर पाच तास. गगनबावड्याचे घाट किंवा आंबोलीपेक्षा सराव नसलेल्यांना मला फोंडाच बरा वाटतो.

जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. अंधारात ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात, मागचे दिवे असतीलच असं नाही. म्हणून जाताना उजाडल्यावर निघा, आणि परतताना दुपारच्या जेवणाला राधानगरीच्या अलीकडे या. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात. एक ओलांडला की लगेच निघू नका, मागून कळप असतो. हॉर्न न वाजवता थांबून राहा.

घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पेट्रोल आणि रोख पैसे कुडाळातच घ्या.

कळंबाकाठ

एवढं सगळं दोन दिवसांत! सगळ्यांचे मनापासून आभार. भोगवे ठरलं. माहेरवाशीण ताईंनी सांगितल्याप्रमाणे 'नैवेद्याचं' म्हणाले आणि पलीकडच्या मावशी म्हणाल्या, "मगे तसा सांगा ना, करतंय." खोल्या तळमजल्यावर आहेत, खळ्यातून, म्हणजे अंगणातून, थेट पुळणीवर जाता येतं, कमोड आहे. शनिवार ते मंगळवार, मध्ये सोमवार येतो. मावशींसाठी कोल्हापूरहून काय नेऊ?

परुळ्याची_माहेरवाशीण

गूळ न्या, दुसरं काही नको. आत्ता गुऱ्हाळं सुरू आहेत, ताजा मिळेल. एक-एक किलोच्या दोन ढेपा.

देवबागचो

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर जवळ जा. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं काठावरून ओढतात. ओढायला तासाभराहून जास्त लागतो. हात लावायचा असेल तर विचारून लावा, कोणी नाही म्हणत नाही.

कळंबाकाठ

काल परत आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवलं पाहिजे म्हणून बॅगा उघडायच्या आधी बसलेय.

पहिल्या दिवशी पोचलो, जेवलो आणि सहाच्या सहा जणी दुपारी तीन तास झोपलो. पडवीत जांभ्याच्या भिंतीला टेकून, चटईवर. ऑपरेशन झालेली मैत्रीण वर्षभर रात्री दोन-दोनदा उठते. तिथं तिन्ही रात्री ती सलग झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं पहिल्या रात्रीचं सांगितलं तेव्हा आम्ही कोणीच काही बोललो नाही.

तिथीचा हिशोब अर्ध्या तासाच्या फरकानं बरोबर निघाला. ओल्या वाळूत गुडघेवाली रोज आमच्या पुढे चालत होती. रस्त्यानं जाताना गवा दिसला नाही, येताना तीन दिसले. घाटवाट दादा, थांबून राहिलो, चौथा मागून आलाच.

रविवारी रापण लागली. आम्ही चौघींनी दोरीला हात लावला, तळहात अजून लाल आहेत. आमची आजारातून उठलेली उपड्या होडीवर बसून राहिली. जाळं काठाला आल्यावर एका आजोबांनी तिच्या ओंजळीत पेडवे, म्हणजे छोटे मासे, ओतले. चांदीसारखे, अजून हलत होते. मावशींनी ते तिखट-मीठ लावून तळले आणि न्याहारीलाच वाढले.

सोमवारी साडेपाचला सगळ्याच जैन मैत्रिणीसोबत जेवायला बसलो. शिरवाळ्यांचा साचा दाबायला मावशींबरोबर तीच उभी होती, साडीचा पदर खोचून. रसात आपलाच गूळ होता. ती तीन वाट्या जेवली आणि मग उजेड असेपर्यंत आम्ही पुळणीवर बसलो.

माहेरवाशीण ताई, मावशींनी तुमच्या माहेरचं घर ओळखलं. निरोप दिलाय की पुढच्या वेळी याल तेव्हा एक ढेप त्यांच्यासाठी आणि एक त्यांच्या जावेसाठी आणा.