सोलापुरात घरी राहून वालचंद कॉलेज, की पुण्यात कॉट बेसिस?

पूर्वभागातली:
इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅपच्या पहिल्या फेरीत आपल्या वालचंदला कॉम्प्युटर लागलंय. बेटरमेंट घेतलं, म्हणजे ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत उतरले, तर पुण्याच्या एका खासगी कॉलेजात हीच शाखा मिळेल असं दिसतंय. फीचा प्रश्न नाही, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून ती माफ आहे. प्रश्न भाड्याच्या खोलीत एक कॉट घेऊन राहण्या-खाण्याचा, आणि त्याहून जास्त घराचा.

वालचंद घरापासून चालत जाण्यासारखं. खाली टॉवेलचे माग, वर दोन खोल्यांत आम्ही सहा जण. मागाच्या आवाजाचं काही नाही, बारावी त्यातच केली. पण मी दिसले की काम निघतं. मागाला लागणाऱ्या धाग्याच्या कांड्या भर, टॉवेलच्या कडा शिव, आज्जीला विडीची पानं कापून दे. पाणी चार-पाच दिवसांआड, आणि आलं की रात्री दोनलासुद्धा उठून पिंपं भरायची. कामाला माझी ना नाही. आई एकटी पडेल याचंच वाईट वाटतं. पण घरी राहिले तर कॉलेज मला फक्त तासांपुरतं मिळेल. काय करू?

मु. पो. सदाशिव पेठ:
पुण्याचा खर्च नीट मांड. कॉटचं भाडं, डिपॉझिट, मेस, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून बाहेरचं जेवण. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असशील तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघ. पुण्यासाठी वर्षाला ६० हजार आहेत. पण डिपॉझिट आधी घरातूनच भरावं लागेल. येण्याजाण्याची काळजी नको, संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालीस की रात्री सोलापुरात.

साखरपेठ ते हिंजवडी:
मी वालचंदचीच, आमच्याकडंही माग. कॉलेज सुटलं की घरी जायचेच नाही, लायब्ररीत बसायचे. बाबांना सांगून टाकलं, परीक्षेच्या महिन्यात कांड्या मिळणार नाहीत. पहिलं सेमिस्टर रोज कटकट. मग चुलतभाऊ भरायला लागला, आणि मी नसल्यानं एकही माग बंद पडला नाही! तू वेळ मागतेयस गं, तो घरात मागून बघितलास का? एक मात्र खरं. आमच्या वर्गातले बहुतेक जण नोकरीसाठी शेवटी पुण्यालाच आले. म्हणजे घर सुटणारच, आज नाहीतर चार वर्षांनी. आई-आज्जीजवळची ती चार वर्षं मला हवी होती. तुला कशाची जास्त गरज आहे ते तुलाच ठाऊक.

एका लेकीचा बाप:
बाळा, आई एकटी पडेल हे तू परस्पर ठरवू नकोस. तिला विचार की.

पूर्वभागातली:
काका, विचारलं. आई म्हणाली, पिंपं मी तू जन्मायच्या आधीपासून भरतेय. दिवाळीत आज्जीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेवढ्याला ये. बाबा अजून गप्पच आहेत, पण नाही म्हणाले नाहीत. बेटरमेंट घेतेय. पुणं नाही लागलं तर वालचंदची जागा आहेच, मग ताईसारखं कांड्यांचं आधीच बोलून घेईन. सदाशिव पेठवाले दादा, आधार योजनेच्या अर्जाला रजिस्टर भाडेकरार लागतो, की कॉटमालकाचं पत्र चालतं?