डोमेनची मुदत संपली: सोडवणुकीचे शुल्क भरावे की नाव मोकळे होण्याची वाट पाहावी?

देवगडची_आमराई:
नमस्कार. आमच्या बागेतल्या हापूसची विक्री ज्या वेबसाइटवरून चालते, तिचे डॉट कॉम नाव एका ओळखीच्या मुलाने स्वतःच्या खात्यातून घेऊन दिले होते. त्याची मुदत २ मार्चला संपली होती. मार्चअखेरीस मी सहज तपासले, तेव्हा पुढच्या वर्षीची तारीख दिसली आणि साइटही चालू होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो. काल ठाण्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की, सहा पेट्यांच्या ऑर्डरची मेल परत आली आहे. ते नाव विकणारी विक्रेता कंपनी आता ११५० रुपये नूतनीकरणाचे आणि त्याशिवाय ८४०० रुपये नाव सोडवण्याचे मागत आहे. महिनाभर थांबून तेच नाव नव्याने स्वस्तात घेता येईल का?

जुना_सर्व्हरवाला:
कृपया थांबू नका. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री, म्हणजे सर्व नावांची मूळ नोंदवही ठेवणारी संस्था, ते नाव आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि ती नोंद रद्द करायला विक्रेत्याला ४५ दिवसांपर्यंत सवड असते. तुम्हाला दिसलेली तारीख ही अशी होती; तुमचे पैसे भरले गेल्याची ती खूण नव्हती. अशा वेळी तारखेपेक्षा नोंदीतली 'स्टेटस' ही ओळ वाचावी. तिथे आता 'रिडेम्प्शन पीरियड' असे दिसत असेल, तर विक्रेत्याने नाव काढून टाकले आहे आणि त्या दिवसापासून ३० दिवस ते फक्त जुन्या धारकाला, जादा शुल्क भरून, परत मिळू शकते. त्यानंतरच्या ५ दिवसांच्या 'पेंडिंग डिलीट' काळात कोणालाच काही करता येत नाही, आणि नाव मोकळे होताच ते टिपण्यासाठी टपून बसलेल्या यंत्रणा क्षणार्धात ते उचलतात. गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले नाव दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्या नावावर येणारी मेलही त्याच्या हाती जाईल. माझ्या मते हे ८४०० रुपये आजच भरावेत.

कोथरूडकर:
खाते त्या मुलाचे असल्यामुळे सूचनाही त्यालाच गेल्या असणार. आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे मुदतीच्या सुमारे एक महिना आधी, सुमारे एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा किमान तीन सूचना विक्रेत्याने पाठवायच्या असतात, पण त्या नोंदीतल्या धारकाच्या पत्त्यावर जातात. नाव सुटले की खाते आणि धारक म्हणून नोंद, दोन्ही स्वतःच्या नावावर करून घ्या. संपर्काची मेल त्याच डोमेनवरची ठेवू नका, कारण डोमेन बंद पडले की नेमकी तीच मेल बंद पडते.

स्वयंनूतनीकरण चालू आहे म्हणूनही विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी नोंदवलेली संमती लागते. विक्रेत्याकडे ती सोय नसेल, तर बँक व्यवहार नाकारते. मी एकदम पाच वर्षांचे पैसे भरून ठेवतो. डॉट कॉमला दहा वर्षांपर्यंतची मुदत घेता येते.

देवगडची_आमराई:
दोघांचेही मनापासून आभार. 'रिडेम्प्शन पीरियड' हीच ओळ दिसली आणि त्या मोजणीने माझ्याकडे अकरा दिवस उरले होते. त्या मुलाला फोन केला, तेव्हा सूचना त्याच्या जुन्या नोकरीच्या मेलवर जात होत्या, असे कळले. त्याने लगेच खाते उघडून दिले आणि मी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी साइट सुरू झाली. ठाण्याच्या गिऱ्हाइकाला मी फोन करून मेल पुन्हा पाठवायला सांगितली. ती पोहोचली असून त्यांच्या सहा पेट्या उद्याच्या गाडीने निघतील.