बिशप बर्गग्राव्ह : उशिरा जागा झालेला माणूस, की वेळ साधणारा?

उत्तरवारा : नॉर्वेतले लूथरन (मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे) बिशप आयविंद बर्गग्राव्ह (1884–1959) यांना इथे ऑस्लोत नाझी राजवटीला नमवणारा नायक मानतात. मीही मानते, पण कारण थोडं वेगळं आहे. इथलं चर्च तेव्हा सरकारी होतं. नेमणूक सरकारची, पगार सरकारी तिजोरीतून. 1 फेब्रुवारी 1942 ला जर्मनांचा नॉर्वेतला हस्तक क्विस्लिंग सत्तेवर बसला. त्याच दिवशी त्रोन्हाइमच्या नीदारोस कॅथेड्रलमध्ये डीन (कॅथेड्रलचे मुख्य पाळक) फ्येल्बूंच्या उपासनेला जाणाऱ्या लोकांना पोलिसांनी अडवलं, तेव्हा ते बाहेर थंडीत उभे राहून लूथरचं स्तोत्र गायले. फ्येल्बूंना पदावरून काढलं आणि 24 फेब्रुवारीला सगळ्या बिशपांनी राजीनामे दिले. ईस्टरला, 5 एप्रिलला, नव्वद टक्क्यांहून अधिक पाळकही त्यांच्यामागे गेले.

राजीनामा दिला तो सरकारी नोकरीचा. पाळकपदाची दीक्षा चर्चची, ती सरकारला परत मागता येत नाही, म्हणून मंडळीची सेवा चालूच राहिली. पाळक आता सरकारचे नोकर नव्हते, गावकरी मात्र त्यांनाच पाळक मानत होते. बर्गग्राव्ह यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं मोठं काम मला हेच वाटतं.

साधा वाचक : ताई, सुरुवात गाळू नका. 9 एप्रिल 1940 ला जर्मन फौजा उतरल्या. त्याच महिन्यात हेच बिशप रेडिओवरून नागरिकांना सांगत होते की लढाईत पडू नका, घातपात करू नका. ऑस्लोत जर्मनांच्या ताब्यातला कारभार चालवायला जे प्रशासकीय मंडळ उभं राहिलं, त्याच्या वाटाघाटींतही ते होते. राजा आणि सरकार तेव्हा अजून लढत होते! चर्चवर घाला आला तेव्हा पेटून उठणं सोपं असतं.

उत्तरवारा : रेडिओवरचं ते बोलणं चुकलंच, मी झाकणार नाही. पण ‘चर्चवर घाला आला तेव्हा’ हे पटत नाही. फेब्रुवारी 1941 मधल्या बिशपांच्या पत्राचे विषय बघा : क्विस्लिंगच्या पक्षाच्या टोळ्यांची मारहाण, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे राजीनामे, पाळकापाशी कबूल केलेल्या गोष्टींची गुप्तता. पहिल्या दोन गोष्टी चर्चच्या घरातल्या आहेत का?

नदीकाठ : एक भर घालतो. लूथरन परंपरेत बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, म्हणजे सत्तेच्या अधीन राहा ही शिकवण, फार जड. जर्मनीतले कितीतरी लूथरन तिथेच अडले. बर्गग्राव्ह यांनी 1941 च्या व्याख्यानात लूथरचाच दाखला काढला : गाडीवान वेडा झाला तर त्याच्या हातातून लगाम काढून घ्यायचा. आपल्याच परंपरेतून हे काढणं मला राजीनाम्याहून अवघड वाटतं.

साधा वाचक : व्याख्यान उत्तम. पण ईस्टरला पाळकांनी राजीनामे देताना चर्चचा जो जाहीरनामा वाचला, त्याची सहा कलमं वाचा. देवाचं वचन, दीक्षा, मंडळीची एकजूट, मुलांचं शिक्षण, सत्तेशी नातं, सरकारी चर्च. ज्यूंसाठी कलम नाही. तोवर त्यांच्या ओळखपत्रांवर ज्यू असल्याची खूण म्हणून ‘जे’चा शिक्का मारायला सुरुवात झाली होती. ऑक्टोबरमध्ये ज्यू पुरुषांची धरपकड झाली, चर्चचं निषेधपत्र निघालं नोव्हेंबरमध्ये आणि 26 नोव्हेंबरला ‘दोनाउ’ जहाज पाचशेहून अधिक माणसं घेऊन ऑस्लोतून सुटलं. त्यातले जवळजवळ कुणीच परतले नाहीत.

उत्तरवारा : नोव्हेंबरात बर्गग्राव्ह ऑस्लोजवळच्या आस्करच्या जंगलातल्या लाकडी घरात एकटे कैदेत होते. एप्रिल 1942 पासून एप्रिल 1945 पर्यंत. ते पत्र त्यांच्या मागे राहिलेल्यांनी लिहिलं. त्या उशिराचा हिशेब त्यांच्या एकट्याच्या नावावर टाकू नका.

साधा वाचक : एकट्याच्या नाही टाकत. पण एप्रिलपर्यंत ते मोकळे होते आणि त्यांचा शब्द देशभर ऐकला जात होता. सहाची सात कलमं करायला तेव्हा कुणी हात धरला नव्हता.

उत्तरवारा : याला माझ्याकडे उत्तर नाही. राजीनाम्याबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.