स्पिटफायरला टायर कुठले टाकू?

तळजाईकर: मामांची 1968 ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 3, म्हणजे छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडे आलीय. तारांची चाकं, मूळ माप 145 एसआर 13 (145 मिमी रुंद, 13 इंची रिम). टायरांवर नक्षी भरपूर आहे, पण बगलेला बारीक भेगा दिसतात. एक टायरवाला म्हणतो अजून पाच वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो 175 टाका, गाडी भारदस्त दिसेल. मला ती प्रदर्शनात उभी करायची नाही, रविवारी पाचगणीला न्यायचीय.

हवाबाण: 175 च टाका. एवढ्या देखण्या गाडीला सायकलचे टायर कशाला?

तेलकट_हात: हवाबाण, पसरणी घाट उतरताना तुम्ही शेजारी बसणार का? मार्क 3 च्या मागच्या अ‍ॅक्सलला सांधा फक्त आतल्या टोकाला असतो. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडी गर्रकन फिरते. रुंद टायर रस्ता जास्त धरतो, म्हणजे हा प्रकार आणखी जोरात होतो. त्या काळी अरुंद टायर दिले ते काटकसर म्हणून नव्हे.

तळजाईकर, परदेशातून काही मागवू नका. जुन्या वॅगनआरचा 145/80 आर 13 घ्या, कुठल्याही दुकानात मिळतो. त्यावरचं 75 एस म्हणजे एका टायरला 387 किलो आणि ताशी 180 किमी. तुमची गाडी पाऊण टनाची, पळून पळून दीडशेच्या जरा वर. 155/65 आर 13 कोणी गळ्यात मारेल, तो घेऊ नका. उंचीला कमी पडतो, स्पीडोमीटर थापा मारतो.

तारांच्या रिमला ट्यूब लागतेच, आणि आत रिमपट्टीही. नाहीतर तारांची टोकं ट्यूब खातात. टायरच्या आत कागदी स्टिकर असेल तर आधी खरवडून काढायला सांगा. दुकानदार हसेल, हसू द्या. हवा मागे पुढच्यापेक्षा जास्त.

आणि नक्षीवर जाऊ नका, तारीख बघा. टायरच्या बगलेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात: 2309 म्हणजे 2009 चा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा ते आतल्या बाजूला असतात, चटई टाकून गाडीखाली झोपावं लागतं.

तळजाईकर: झोपलो. चारही 2011 चे. डिकीतल्या स्टेपनीवर मात्र तीनच आकडे आहेत.

तेलकट_हात: तीन म्हणजे 2000 च्या आधीची. पाच टायर घ्या. जुनी क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके असलेली जुन्या पद्धतीची) असेल तर तात्पुरतीसुद्धा मागे लावू नका. पुढे रेडियल (आताचे नेहमीचे टायर) नि मागे क्रॉसप्लाय हे सगळ्यात वाईट. बसवून आणल्यावर थोडं फिरवा आणि चाकांच्या मधले कानवाले नट तांब्याच्या हातोडीने पुन्हा ठोकून बघा. लोखंडी हातोडी नको, कान चेपतात.