'संरोध' आणि 'जड' हेडफोन

हेडफोनच्या खोक्यावर 'इम्पीडन्स 300 ओहम' छापलंय. दुकानदार म्हणाला, "जड आहे, मोबाइल याला ओढणार नाही." हातात तर हलका लागतो! 'इम्पीडन्स'ला मराठीत काय म्हणतात?

— 'संरोध'. रेझिस्टन्स तो 'रोध'. ('प्रतिबाधा' हा हिंदीतला, तो तिकडेच बरा.) यातला 'सं' शोभेचा नाही. विजेच्या धारेला होणारा तारेचा रोध आणि वारंवारतेनुसार बदलणारा विरोध, सगळं त्यात आलं. मल्टिमीटर नुसता रोध मोजतो, म्हणून त्यावर संरोध कळत नाही. उदाहरणार्थ, सेनहायझर एचडी 650 हा हेडफोन. नावाला 300 ओहम, पण खर्जात 500 च्या आसपास चढतो. अँपचा (म्हणजे हेडफोन चालवणाऱ्या अँप्लिफायरचा) स्वतःचा आउटपुट संरोध 120 ओहम असला, तर या चढामुळे तिथला खर्ज साधारण एक डेसिबलने फुगतो. तो फुगवटा आवडणारेही आहेत म्हणा.

— 'इम्पीडन्स' हा मूळ शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइडने 1886 मध्ये रूढ केला. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ पाय अडकवणे. म्हणजे आपला खोडाच की! 'तीनशे ओहमचा खोडा' मला तरी 'संरोध'पेक्षा जवळचा वाटतो.

— खोडा छान, पण माझी तक्रार 'जड'बद्दल आहे. मंडपवाल्याला विचारा. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, अँप तापतो, आणि तो म्हणतो "लोड वाढला". म्हणजे ओहम कमी, तर लोड जास्त! हेडफोनवाले नेमकं उलट बोलतात.

— दोघंही आपापल्या जागी बरोबर. 1 व्होल्ट दिला तर 32 ओहममधून 31 मिलिअँपिअर धारा जाते, 31 मिलिवॅट मिळतात. 300 ओहममध्ये धारा 3.3 मिलिअँपिअर आणि शक्ती 3.3 मिलिवॅट. धारेच्या हिशेबाने हा हलका. पण तेवढीच शक्ती हवी तर व्होल्ट तिप्पट लागतात, ते मोबाइलकडे नसतात. शिवाय संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्या शक्तीत आवाज किती निघतो, ती वेगळीच. हायफायमॅन एचई-6 हा हेडफोन अवघा 50 ओहमचा, तरी भल्याभल्या अँपना घाम फोडतो. तेव्हा 'जड' म्हणताना कशाला जड, व्होल्टला की धारेला, तेही सांगावं.

— म्हणजे माझा व्होल्टला जड. आणि 'ओढणे' बैलगाडीतून आलं असावं ना? दुकानदाराला बैल दमलेला दिसला, गाडी रिकामी आहे हे नाही दिसलं.

— रिकामी नाही हो, चढ आहे पुढे.